वाचक विचारतात : स्टीअरिंग किती फिरतं आणि ते ठरतं कशावर?

गेल्या अंकात नवी गाडी घेताना टेस्ट ड्राइव्हमध्ये काय काय बघावं यावर लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे घेतं तेही मोजून बघा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर स्टीअरिंगलाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं थोडी आटोपशीर केलीत.

प्रश्न : ताई, आमच्या जुन्या गाडीचं स्टीअरिंग पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे न्यायला चार फेरे लागायचे. नवीन गाडीचं अडीच फेऱ्यांतच संपतं. हायवेला हात जरासा हलला तरी गाडी सरकल्यासारखी वाटते. काही बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड नाहीये, ती शंका आधी मनातून काढा. तुम्ही जे मोजलंत त्याला लॉक टू लॉक म्हणतात आणि आजच्या बहुतेक कार्समध्ये तो आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये कुठेतरी असतो, तुमची नवी गाडी त्यातल्या चपळ टोकाला आहे इतकंच.

यामागचा हिशोब एकदा बघून ठेवा कारण पुढची बरीचशी उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत. समजा एखाद्या गाडीचं लॉक टू लॉक ३ फेरे आहे, म्हणजे स्टीअरिंग एकूण १०८० अंश फिरतं. तेवढ्यात पुढची चाकं डावीकडे साधारण ३५ अंश वळलेली असतात तिथून उजवीकडे ३५ अंशांपर्यंत जातात, म्हणजे एकूण ७० अंश. १०८० भागिले ७० केलं की साडेपंधराच्या जवळपास येतं. तर स्टीअरिंग साडेपंधरा अंश फिरवलं की चाक एक अंश वळतं, आणि हाच स्टीअरिंग रेशो. कार्समध्ये तो साधारण १२ ते २० च्या दरम्यान सापडतो, मोठ्या ट्रक-बसमध्ये २० च्याही वर जातो आणि तिथे पाच-सहा फेरे मारावे लागतात.

पण नुसते फेरे मोजून रेशो कळत नाही हे लक्षात ठेवा. अडीच फेऱ्यांची एखादी गाडी प्रत्यक्षात अजिबात चपळ नसते, तिची चाकंच कमी वळतात, दोन्ही बाजूला २८ अंश धरलेत तर ९०० भागिले ५६, म्हणजे रेशो १६ च्या आसपास, तीन फेरेवाल्या गाडीइतकाच किंवा थोडा सुस्तच. फक्त तिला यू-टर्नला जागा जास्त लागणार. म्हणून फेऱ्यांचा आकडा बघितला की शेजारी टर्निंग सर्कलचा, म्हणजे गाडी पूर्ण वळायला किती मोठं वर्तुळ लागतं त्याचा आकडाही बघायचा, दोन्ही मिळून काय ते समजतं.

जुन्या गाडीला चार फेरे का होते तर तिला बहुतेक पॉवर स्टीअरिंग नसणार. उभ्या गाडीची चाकं नुसत्या हाताच्या जोरावर वळवायची तर रेशो मोठा ठेवावा लागतो, जोर कमी लागतो पण हात जास्त फिरवावा लागतो. विकत मिळणाऱ्या कारमध्ये पॉवर स्टीअरिंग पहिल्यांदा आलं ते १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत इलेक्ट्रिक मोटरवर चालणारं दिलं आणि पुढे छोट्या गाड्यांमध्येही ते परवडायला लागलं. हाताचा जोर वाचल्यावर फेरे कमी करायची मोकळीक मिळाली.

आठवडाभर चालवलीत की हात आपोआप कमी हलायला लागतील. मात्र हात स्थिर धरूनही गाडी स्वतःहून एका बाजूला ओढत असेल किंवा वळणानंतर स्टीअरिंग नीट परत येत नसेल तर त्याचा रेशोशी संबंध नाही, टायरमधली हवा आणि अलाइनमेंट तपासून घ्या.

प्रश्न : फेरे घरी कसे मोजायचे?

उत्तर : मोकळ्या जागेत, गाडी चालू करून, चाकं सरळ असताना स्टीअरिंगच्या अगदी वरच्या बिंदूवर रंगीत टेप लावा. गाडी अगदी हळू पुढे सरकवत स्टीअरिंग एका टोकाला न्या, टोकाला जोराने आपटू नका, तिथे टेप कुठे आहे ते लक्षात ठेवा, मग दुसऱ्या टोकापर्यंत जाताना टेप त्या जागी कितीदा परत आली ते मोजा. बाकी उरलेला भाग अर्धा की पाव हे डोळ्याने कळतं. सरळपासून डावीकडे आणि सरळपासून उजवीकडे वेगवेगळं मोजलंत तर जास्त चांगलं, त्याचा उपयोग पुढे एका उत्तरात येतोच आहे.

प्रश्न : रेसच्या गाड्यांचं स्टीअरिंग अर्धा-पाऊण फेराच फिरतं, ड्रायव्हर हात उचलतच नाही. मग आपल्या गाड्यांना तसंच का देत नाहीत? पार्किंगला किती सोपं होईल!

उत्तर : पार्किंगला सोपं होईल हे अगदी खरं. अडचण वेग वाढल्यावर येते आणि ती कल्पनेपेक्षा फार मोठी आहे म्हणून आकड्यांतच सांगते.

वळताना गाडीला बाजूला ढकलणारा जो जोर तयार होतो तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दहापट झाला तर तेवढ्याच चाकाच्या वळणाने परिणाम शंभरपट. पुढचं चाक फक्त एक अंश वळवलंय असं धरा, गाडीचा व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.६ मीटर. ताशी १० किमीला या एका अंशाने काही जाणवणारसुद्धा नाही. ताशी १०० किमीला मात्र कागदावरच्या कोऱ्या हिशोबात गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा जोर बाजूला लागतो. प्रत्यक्षात टायर थोडे घसटत चालतात, गाडी मुद्दाम थोडी अंडरस्टीअर होईल, म्हणजे चाकं वळवली त्यापेक्षा जरा कमीच वळेल अशी बनवलेली असते, त्यामुळे तो बराच कमी भरतो, तरीही शेजारी बसलेला माणूस दाराकडे झुकेल इतका असतो. एका अंशात!

आता रेशो १५ असेल तर तो एक अंश आणायला हात १५ अंश फिरवावा लागतो, ते चुकून होत नाही. लॉक टू लॉक एकच फेरा ठेवला तर रेशो पाचाच्या आसपास येतो आणि तोच परिणाम पाच अंशांत. खड्ड्यात चाक आदळलं, शिंक आली, मागच्या सीटवरच्या मुलाकडे बघायला मान वळवली की हात पाच अंश सहज हलतो. रेसचा ड्रायव्हर सीटला करकचून बांधलेला असतो, दोन्ही हात सतत स्टीअरिंगवर, लक्ष फक्त रस्त्यावर, आणि त्याला रिव्हर्स पार्किंग कधीच करायचं नसतं. त्याच्या चाकांना फार वळावंही लागत नाही. मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत ते प्रसिद्ध अरुंद हेअरपिन वळण आहे ना, जवळजवळ यू-टर्नच, तिथून जाता यावं म्हणून टीम्सना गाडीचं स्टीअरिंग आणि सस्पेन्शन त्या एका शर्यतीपुरतं बदलून चाकं जास्त वळतील अशी सोय करावी लागते. रोजच्या रस्त्यावरची गाडी असं एका जागेसाठी बदलून कशी चालेल? तिला सकाळी पार्किंगमधून निघायचंय आणि तासाभराने हायवेला १०० ने जायचंय, तेही त्याच स्टीअरिंगवर. या ओढाताणीतूनच पुढच्या प्रश्नातली गोष्ट जन्माला आली.

प्रश्न : एका ब्रोशरमध्ये व्हेरिएबल रेशो स्टीअरिंग असं लिहिलंय. सेल्समन म्हणतो की वेग वाढला की स्टीअरिंग आपोआप जड होतं, तेच ते. बरोबर का?

उत्तर : नाही, ही सरमिसळ फार जण करतात आणि विकणारेही करतात म्हणून नीट वेगळं करून सांगते. वेगानुसार जड-हलकं होणं म्हणजे पॉवर स्टीअरिंगची मदत कमी-जास्त होणं. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या जवळपास सगळ्या गाड्यांमध्ये ते असतं कारण मोटरला किती करंट द्यायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. पण तिथे हात ९० अंश फिरवला की चाक जेवढं वळायचं तेवढंच वळतं, वेग कितीही असो. व्हेरिएबल रेशोमध्ये हाताचा कोन आणि चाकाचा कोन यांचं नातंच बदलतं. आणि ते बदलायच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत, ब्रोशरमधल्या तीन शब्दांवरून यातली कुठली ते कळत नाही, तुम्हालाच विचारावं लागेल.

पहिली रीत पूर्ण मेकॅनिकल. स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन, ते एका आडव्या दातेरी पट्टीवर म्हणजे रॅकवर फिरतं, रॅक डावी-उजवीकडे सरकली की तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले दांडे म्हणजे टाय रॉड चाकांना वळवतात. साध्या रॅकवर सगळे दात सारखे. व्हेरिएबल रॅकवर मधले दात वेगळ्या आकाराचे आणि कडेचे वेगळे कापलेले असतात, त्यामुळे स्टीअरिंग मधोमध असताना एका फेऱ्यात रॅक कमी सरकते आणि टोकाकडे गेलं की तेवढ्याच फेऱ्यात जास्त सरकते. हायवेला आपण मधल्या भागातच खेळत असतो तर तिथे गाडी शांत, यू-टर्नला टोकाकडे जातो तर तिथे चपळ. पॉवर स्टीअरिंगच्या गाड्यांत असे दात आणण्यात ऑस्ट्रेलियाचे इंजिनिअर आर्थर बिशप यांचं काम मोठं आहे. २००४ मध्ये आलेल्या पोर्शे ९११ च्या पिढीत मधोमध रेशो १७ च्या थोडा वर होता आणि टोकाकडे १४ च्या थोडा खाली यायचा, मर्सिडीजचं डायरेक्ट स्टीअर म्हणतात तेही याच जातीचं. यात मोटर नाही, सेन्सर नाही, बिघडायला वेगळं काही नाही.

इथे एक गंमतीची गोष्ट सांगायलाच हवी, पॉवर नसलेल्या गाड्यांमध्येही व्हेरिएबल रॅक वापरल्या जायच्या पण बरोबर उलट्या! मध्ये चपळ आणि टोकाकडे सुस्त, कारण तिथे अडचण होती ती पार्किंग करताना टोकाकडे लागणाऱ्या जोराची.

दुसरी रीत इलेक्ट्रॉनिक. २००० मध्ये होंडाने जपानमध्ये एस २००० ची टाइप व्ही नावाची आवृत्ती आणली, तिच्यात वेग आणि स्टीअरिंगचा कोन दोन्ही बघून रेशो बदलायचा, लॉक टू लॉक फक्त १.४ फेरे. २००३ मध्ये बीएमडब्ल्यूने ५ सीरिजमध्ये अ‍ॅक्टिव्ह स्टीअरिंग दिलं. त्यात स्टीअरिंगच्या दांड्यामध्ये प्लॅनेटरी गिअरचा (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी दातेरी चाकं फिरतात तसा) एक संच आणि त्याला एक इलेक्ट्रिक मोटर, तुम्ही हात फिरवता त्यात मोटर स्वतःचा कोन मिळवते किंवा त्यातून वजा करते. हळू वेगाला रेशो १० च्या आसपास, म्हणजे दोन फेऱ्यांच्या आतच लॉक टू लॉक, आणि वेगात २० पर्यंत. दांडा मधून तुटलेला नाही, मोटर बंद पडली तर ती जागेवर लॉक होते आणि साधं ठराविक रेशोचं स्टीअरिंग उरतं. हे डिझाइन मला मनापासून आवडतं कारण बिघाड झाल्यावर काय होईल याचा विचार आधी केलेला दिसतो.

तरीही दोनपैकी एक निवडायला सांगितलंत तर मी मेकॅनिकल रॅकच निवडेन, आणि कारण सांगते. मेकॅनिकलमध्ये हाताचा अमुक कोन म्हणजे चाकाचा अमुक कोन हे नातं कायमचं ठरलेलं असतं, वक्र असलं तरी ठरलेलं, हात ते एकदा शिकला की शिकला. इलेक्ट्रॉनिकमध्ये ताशी ३० ला असलेलं नातं ८० ला वेगळं असतं. बहुतेक वेळा हे इतकं हळूवार बदलतं की कळतही नाही, पण वळणात असतानाच जोरात ब्रेक मारला, वेग झपकन खाली आला, तर त्याच हाताला चाक वेगळं उत्तर देतं आणि तो क्षण काही जणांना खटकतो. अचानक काही आडवं आलं तर आपण विचार करून स्टीअरिंग फिरवत नाही, हातच फिरवतो. त्या हाताला आधीच माहीत असायला हवं की गाडी किती वळणार. स्टीअरिंगच्या बाबतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट, फेरे दोन असोत की साडेतीन.

हो, आणि ज्याला आपण ठराविक रेशो म्हणतो तोही काटेकोर ठराविक नसतो. टाय रॉड आणि चाकाचा हात यांचे कोन वळताना बदलतात, स्टीअरिंगच्या दांड्यातल्या क्रॉस जॉइंटमुळेही थोडा चढउतार होतो. वर काढला तो साडेपंधराच्या जवळपासचा रेशो सरासरी आकडा होता.

प्रश्न : आमची गाडी लहान असूनही यू-टर्नला दोनदा मागेपुढे करावं लागतं, आणि शेजारच्यांची तिच्यापेक्षा लांब गाडी एका दमात वळते. स्टीअरिंग आणखी अर्धा फेरा फिरेल असं करून घेता येईल का?

उत्तर : करून घेऊ नका. चाक किती वळावं याची मर्यादा स्टीअरिंगवर नाही तर चाकाच्या आजूबाजूला काय आहे त्याच्यावर ठरते. टायर आत वळताना चासीला, सस्पेन्शनला किंवा मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासायला नको. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद जाते अशा गाडीत आणखी एक अडसर आहे, ड्राइव्ह शाफ्टच्या म्हणजे चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याच्या बाहेरच्या टोकाचा सीव्ही जॉइंट, तो एका कोनापर्यंतच वाकून ताकद नेऊ शकतो. इंजिन आडवं बसवलेलं असेल तर दोन पुढच्या चाकांमधली जागा त्यानेच खाल्लेली असते. ज्या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना जाते त्यांना यातल्या बऱ्याच अडचणी नसतात म्हणून त्या लांब असूनही कमी जागेत वळतात. लंडनची काळी टॅक्सी २५ फुटांच्या वर्तुळात वळते म्हणून जगभर ओळखली जाते, ट्रायम्फ हेराल्ड या जुन्या ब्रिटिश गाडीचंही तसंच होतं, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. स्टॉपर घासून किंवा काढून जास्त फिरवलंत तर टायर कापला जाईल नाहीतर सीव्ही जॉइंट जाईल, तोही भर वळणात.

अजून एक, वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं कारण त्याला लहान वर्तुळावर जायचं असतं. ही रचना मोटारींच्या आधीची आहे, म्युनिकचे बग्गी बनवणारे गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांची, १८१८ मध्ये रुडॉल्फ अकरमान यांनी लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं आणि नाव त्यांचंच लागलं. वर्तुळाचा अंदाज घ्यायचा असेल तर व्हीलबेसला बाहेरच्या चाकाच्या कोनाच्या साइनने भागा. अडीच मीटर व्हीलबेस आणि ३० अंश असेल तर त्रिज्या ५ मीटर, म्हणजे पूर्ण वर्तुळ १० मीटरचं. हे टायरचं वर्तुळ झालं, बंपरचा कोपरा त्याच्याही बाहेरून जातो, भिंतीजवळ वळताना तो विसरू नका.

आता मागची चाकंही वळवणाऱ्या गाड्या आल्यात. मर्सिडीजच्या ईक्यूएसमध्ये मागची चाकं १० अंशांपर्यंत वळणारा पर्याय आहे आणि पाच मीटरच्या वर लांब असूनही ती १०.९ मीटरच्या वर्तुळात वळते. होंडाने १९८७ मध्ये प्रिल्यूडमध्ये हेच निव्वळ यांत्रिक गिअर वापरून केलं होतं, स्टीअरिंग थोडं फिरवलं तर मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने, खूप फिरवलं तर उलट दिशेने. कुठलाही कॉम्प्युटर नसताना! त्या माणसांचं कौतुक करावं तितकं कमी आहे.

प्रश्न : स्टीअरिंग पूर्ण टोकाला नेलं की कुंईंऽऽ असा आवाज येतो. धोका आहे का?

उत्तर : हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल तर टोकाला दाब सर्वात जास्त होतो, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. क्षणभर आला तर ठीक, पण तिथेच दाबून धरून ठेवू नका, तेल तापतं, पंप आणि सील खराब होतात. टोकाला लागलं की केसभर परत सोडायचं. इलेक्ट्रिकमध्ये आवाज नसला तरी मोटर तापते आणि फार वेळ असं केलं तर कॉम्प्युटर मदत थोड्या वेळासाठी कमी करतो, स्टीअरिंग एकदम जड वाटतं, गार झालं की परत नीट होतं. आणि गाडी उभी असताना चाकं वळवायची सवय असेल तर ती मोडा, थोडी सरकवत वळवा, टायर आणि टाय रॉडचे जॉइंट जास्त टिकतात. मधल्या भागातही आवाज येत असेल तर मात्र तेलाची पातळी बघून घ्या.

प्रश्न : स्टीअरिंगचं काम करून आणल्यापासून गाडी सरळ जाते पण स्टीअरिंग थोडं तिरकं राहतं, डावीकडे दीड फेरा जातं आणि उजवीकडे सव्वाच. शिवाय एअरबॅगचा दिवा लागलाय, हॉर्नही कधी वाजतो कधी नाही.

उत्तर : हा या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कृपया अंगावर काढू नका. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची दाट शक्यता आहे, स्टीअरिंग परत बसवताना मधोमध बसलेलं नाही.

स्टीअरिंगच्या मागे एक चपटी गुंडाळलेली वायरची पट्टी असते, क्लॉक स्प्रिंग म्हणतात, एअरबॅग आणि हॉर्नची वीज तिच्यातून जाते. ती दोन्ही बाजूला ठराविक फेरेच उलगडू शकते. बसवताना ती बरोबर मध्यावर नसेल तर एका बाजूला पूर्ण वळवलं की ताणली जाते आणि तुटते. ती तुटली तर अपघातात ड्रायव्हरची एअरबॅग उघडेलच याची खात्री राहत नाही. म्हणून दिवा लागलाय तोवर शक्यतो ती गाडी चालवू नका आणि दुरुस्ती एअरबॅगचं काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या, बॅटरी सोडवून, घरी अजिबात उघडायचं नाही.

डावी-उजवीकडचे फेरे सारखे नसणं ही दुसरी खूण. स्टीअरिंग एखाद-दोन दात चुकून बसलं असेल किंवा अलाइनमेंट करताना एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून चाक सरळ केलं असेल. दुसऱ्या प्रकारात स्टीअरिंग नुसतं काढून सरळ लावलं तर दिसायला सरळ होईल पण रॅक मधोमध येणार नाही, आणि तुमच्या गाडीत व्हेरिएबल रॅक असेल तर ते फारच वाईट, कारण मग हायवेला सरळ जाताना तुम्ही मधल्या शांत दातांवर नसून कडेच्या चपळ दातांच्या जवळ असाल, डावीकडे एक स्वभाव आणि उजवीकडे दुसरा. त्यांना सांगा की आधी रॅक मधोमध आणा, मग दोन्ही टाय रॉड सारखे जुळवा, मग स्टीअरिंग बसवा, आणि शेवटी स्टीअरिंग अँगल सेन्सरचं शून्य परत सेट करा. तो सेन्सर चुकीचं सांगत राहिला तर गाडी घसरताना सावरणारी ईएसपी चुकीच्या समजुतीवर काम करेल.

प्रश्न : लहान व्यासाचं स्पोर्टी स्टीअरिंग लावलं तर रेशो कमी होतो का?

उत्तर : रेशो तोच राहतो, कोन तेवढाच लागतो. हाताला कमी अंतर जावं लागतं म्हणून चपळ वाटतं आणि जोर जास्त लागतो. एअरबॅगवाल्या गाडीत मात्र हा विचारच सोडून द्या.

प्रश्न : पुढची गाडी स्टीअर बाय वायरवाली घ्यायचा विचार आहे, स्टीअरिंग आणि चाकांमध्ये दांडाच नसतो म्हणे. घरात आईबाबाही गाडी चालवतात. घ्यावी का?

उत्तर : दांडा नसतो हे खरंय. स्टीअरिंगवर सेन्सर, चाकांकडे मोटर, मध्ये फक्त वायर, आणि रस्त्याचा हाताला जाणवणारा जोरसुद्धा एक वेगळी मोटर तयार करून देते. २०१३ मध्ये इन्फिनिटी क्यू ५० मध्ये हे आलं तेव्हा क्लच लावून दांडा राखीव ठेवला होता, वीज गेली की क्लच जोडला जायचा. २०२३ च्या टेस्ला सायबरट्रकमध्ये दांडा पूर्ण गेला, त्याऐवजी मोटर आणि वायरिंग दुहेरी ठेवलंय. तिचं लॉक टू लॉक एका फेऱ्यापेक्षाही कमी आहे, आणि मघाशी सांगितलेला हायवेचा प्रश्न तिथे येत नाही कारण वेगात रेशो कॉम्प्युटर वाढवतो.

विमानाच्या हँडलसारखा तो योक येतोय त्याचं कारणही हेच. हात उचलावाच लागणार नसेल तर वर्तुळाची गरज नाही. पण रेशो न बदलता नुसता योक दिला तर चालवणाऱ्याचे हाल होतात, २०२१ मध्ये टेस्लाने मॉडेल एसला नेहमीच्याच रेशोवर योक दिला, दोनच्या वर फेरे आणि पकडायला वरची कडच नाही, लोकांनी खूप तक्रारी केल्या आणि पुढे गोल स्टीअरिंगचा पर्याय परत आला.

सुरक्षेची भीती मला कमी वाटते, दुहेरी सोय विमानांत कित्येक दशकं चालतेय. मला विचार करावासा वाटतो तो तुमच्या आईबाबांच्या हातांचा. एवढी वर्षं तीन फेऱ्यांचं स्टीअरिंग फिरवलेले हात पहिले काही दिवस पार्किंगमध्ये गरजेपेक्षा जास्त फिरवणारच. सवय होते, पण घरात दुसरी साधी गाडीही राहणार असेल आणि आज ही उद्या ती असं चालणार असेल तर सवय व्हायला वेळ लागेल.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह तुम्ही एकट्याने घेऊ नका, तिघांनीही घ्या, आणि शोरूमभोवती एक चक्कर मारून परत येऊ नका. आधी रिव्हर्स पार्क करून बघा, मग ताशी ३०-४० ला ओळीने दोन-तीन वळणं, मग मोठ्या मोकळ्या रस्त्यावर वेगात लेन बदलून. या तिन्ही ठिकाणी आईबाबांना स्टीअरिंग मध्येच परत सोडून दुरुस्त करावं लागतंय का ते शेजारी बसून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वळणापर्यंत ते थांबलं तर घ्या, शेवटपर्यंत चालूच राहिलं तर त्याच किमतीतली व्हेरिएबल रॅकची साधी गाडी बघा.